बोली न लागलेला भोपळा

मतमोजणी होऊन महिना उलटत आला होता, पण एलिया उजागरे यांच्या घरात ती अजून चालूच होती. सकाळी चहाचा कप हातात आला की त्यांचं सुरू व्हायचं. या गल्लीनं पाठ दाखवली, त्या घरानं ऐनवेळी टांग मारली, अमक्याचा मुलगा मतदानाच्या दिवशी मुद्दाम पुण्याला निघून गेला. बायको फिलोमिना भाकरी थापता थापता हुं हुं करायची आणि मनातल्या मनात दुसरंच काही तरी योजत बसायची. तुमच्या-आमच्या घरी वेगळं काही घडतं असं नाही. निवडणूक एका दिवसाची, पण तिचं अजीर्ण महिनाभर पुरतं.

देवळाली प्रवऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत एलियाभाऊंना मान होता. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर चर्चच्या पंचांत नाव लागलं. रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी आणि अडल्यानडल्यांसाठी करायची मध्यस्थीची प्रार्थना त्यांच्याकडे होती. आवाज भारदस्त, पाठांतर चोख. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची गोष्ट सांगण्यात काही हशील नसतं, ती ऐकून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो.

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि वस्तीतला बांधकाम ठेकेदार जोसेफ उभा राहिला. आपला माणूस पहिल्यांदाच उभा राहिला होता! वस्तीतलं गटार वर्षानुवर्षं उघडं, दफनभूमीच्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि मतं मागायला येणारे सगळे निकालानंतर गायब. एलियाभाऊंच्या पोटात ही आग खरीच होती. तिच्यापायी ते प्रचारात उतरले, तोवर ठीक होतं. पुढं त्यांचं सुटत गेलं. रविवारच्या प्रार्थनेत जोसेफ बायबलातला गोफणवाला दावीद झाला आणि समोरचा उमेदवार त्यानं लोळवलेला राक्षस गल्याथ झाला. मग एका बुधवारी, घरच्या प्रार्थनासभेत, त्यांनी टेबलावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवलं आणि एकेकाला पुढं बोलावलं. शास्त्रावर हात ठेवायचा आणि मत जोसेफलाच देईन म्हणून शपथ घ्यायची.

माणसं आली, हात ठेवून गेली. चर्चचे तरुण धर्मगुरू, पाळकसाहेब, कोपऱ्यात बसून नखं बघत राहिले. फक्त छबूबाई लोंढे जागची हलली नाही. नवरा गेल्यापासून एकटी राहणारी, परसात भाजीपाला लावून चार घरी विकणारी ही बाई. एलियाभाऊंनी दोनदा नाव पुकारलं तेव्हा म्हणाली, "मत कुनाला द्यायचं त्ये माझं मी बघीन. पन ह्या पुस्तकानं मला बांधू नका." कुणीतरी खोचकपणे विचारलं, मग देणार तरी कुणाला? तर बाईनं सरळ सांगितलं, गोरक्षनाथाला. गोरक्षनाथ म्हणजे शेजारच्या मळ्यातला दूधवाला, हिंदू शेतकरी, जोसेफच्या विरोधातला उमेदवार. अडीनडीला दारात उभा राहतो, तिला तेवढं पुरेसं होतं.

जोसेफ पडला, तोही थोडक्यात. मग काय, खापर फोडायला डोकं तयारच होतं. एलियाभाऊ चारचौघांत म्हणू लागले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. नाव घ्यायची गरज नव्हती. छबूबाई रस्त्यानं निघाली की ओट्यावरच्या बाया भांडी घासायला आत जाऊ लागल्या.

आणि मग आला हंगामाचा सण. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. पीक हाती आलं की मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या सभासदांतलं, प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं, गोठ्यातलं काहीतरी चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवतं. ऊस, ज्वारीची कणसं, कांद्याची माळ, कोंबडी, अंडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. पण हा बाजारातला लिलाव नव्हे. इथं चढ्या बोलीत प्रेम असतं. म्हातारीनं आणलेलं एकुलतं एक अंडं कोंबडीपेक्षा महाग जातं, घेणारा ते परत वेदीवर ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. लिलाव पुकारायचं काम एलियाभाऊंचं. त्यांच्या कोट्यांना वस्ती वर्षभर हसायची. आणि एक रीत होती. एखाद्या गरिबाच्या वस्तूला बोली यायला उशीर झाला, तर पुकारणाऱ्यानं स्वतः पहिली बोली बोलायची. वेदीवरची वस्तू लाजिरवाणी पडून राहता कामा नये.

त्या दिवशी छबूबाईनं तांबडा भोपळा आणला होता. परसातल्या वेलावरचा, कवेत मावेना एवढा. वेदीपर्यंत आणताना तिला धाप लागली होती. एलियाभाऊंनी तो टेबलावर ठेवला, "छबूबाईंचा भोपळा" म्हणाले, आणि थांबले. एरवी भोपळ्यावर त्यांनी चार विनोद केले असते.

कुणी बोली लावली नाही. समोरच्या चटईवरचे लोक पायाशी बघत होते. पंचांपैकी एकाला खोकला आला, तो खोकून झाला तरी शांतताच. पाळकसाहेबांनी एलियाभाऊंकडं पाहिलं. रीत काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. एलियाभाऊंच्या ओठांशी बोली आलीही होती, पण मतमोजणीचा दिवस आठवला आणि ती मागं गेली. त्यांनी भोपळा उचलून वेदीच्या पायरीशी ठेवला आणि पुढची कांद्याची माळ हातात घेतली. माळेला बोलीवर बोली लागली.

छबूबाई माळेचा लिलाव संपेपर्यंत बसून राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब तिच्या घरी गेले, भोपळा परत न्या म्हणाले. ती म्हणाली, देवाला दिलेलं माघारी कसं आणू? पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

भोपळा मात्र उपासनेला न चुकता हजर. झाडणारा माणूस तो उचलून कोपऱ्यात ठेवायचा आणि झाडून झालं की घाबरून परत जागच्या जागी. देवाची वस्तू, हात कोण लावणार? एलियाभाऊ मध्यस्थीच्या प्रार्थनेला उभे राहिले की बरोबर डोळ्यांपुढं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना लांबवायला सुरुवात केली. देशासाठी, राज्यासाठी, सीमेवरच्या जवानांसाठी, दूरदेशीच्या दुष्काळग्रस्तांसाठी. वस्तीतल्या एका एकट्या बाईचं नाव तेवढं त्यात बसेना. लोक कंटाळून चुळबुळ करू लागले आणि एलियाभाऊ घरी येऊन चिडचिड करू लागले. वरणात मीठ कमी, पंखा आवाज करतो, पाळक अगदीच मऊ.

अशातच नगराध्यक्षांच्या आणि नव्या नगरसेवकांच्या सत्काराला ते बाजारपेठेत गेले. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बघतात तर जोसेफ! निवडून आलेल्या गोरक्षनाथाच्या गळ्यात हार घालतोय, हातात हात घेऊन फोटो काढतोय. बाजूच्या माणसानं हसत सांगितलं, जोसेफला स्वीकृत नगरसेवक करायचं ठरलंय, दोघांचं कधीच मिटलंय. एलियाभाऊंनी चहाही घेतला नाही. तरातरा घरी आले आणि चपला दारात भिरकावल्या. ज्याच्यासाठी शास्त्रावर हात ठेवायला लावले, त्यानं सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली होती.

फिलोमिना शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. दगाबाज, समाजाचा सौदा केला, आता त्याचं तोंड बघणार नाही, असं बरंच. नवरा दमल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जोसेफनं दगा दिला. बरं. मग छबूबाईनं काय दिलं? तिनं तर तोंडावर सांगितलं हुतं. तिच्याशी का बोलत न्हाई तुमी?"

"ते निराळं हाय. ती समाजाच्या विरोधात गेली."

"समाजाच्या का ख्रिस्ताच्या?"

"एकच ते."

"हितंच चुकतंय तुमचं," फिलोमिना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "वेदीवर ठिवलेली वस्तू कुनाची असती?"

"देवाची. हे काय विचारनं झालं?"

"मग त्या दिवशी तुमी बोली कुनाला नाकारली? छबूबाईनं भोपळा ठिवला तवाच तो तिचा राह्यला न्हवता. तुमी तिची जिरवायला गेलात आन् देवाचं देनं पायरीशी सारलं. आता त्येच्याच म्होरं डोळं झाकून दुष्काळासाठी प्रार्थना करताय."

एलियाभाऊंना मिरच्या झोंबल्या. ते उठले, फेऱ्या मारू लागले. आपल्या लोकांना कुणी विचारत नाही, गटार तसंच आहे, दफनभूमीच्या रस्त्यावर शवपेटी घसरते, कुणीतरी एकी करायला नको का, असं त्यांचं सगळं बाहेर आलं. ते खोटं नव्हतं, आणि फिलोमिनानं ते खोटं म्हटलंही नाही.

"गटारासाठी भांडा. मोर्चा काढा, मी येते फलक धरायला. जोसेफसाठी दारोदार मतं मागितली त्याला मी कधी आडवी आले? पन गटाराचं भांडन तुमी प्रभूच्या मेजावर नेऊन मांडलं. मत कुनाला त्यावरनं कोन विश्वासू त्ये ठरवायला लागलात. मी संगमनेरहून ह्या घरात आले तवा मी कॅथलिक आन् तुमी प्रोटेस्टंट म्हनून बाया माझ्या शेजारी बसत न्हवत्या. आठवतंय? छबूबाईनं सरकून चटईवर जागा दिली. तिनं इचारलं न्हाई मी कुठली. आज तिचीच जागा रिकामी हाय आन् त्या जागेशेजारी बसायची मला लाज वाटायला पायजे."

"जोसेफ असा निघंल हे मला काय ठावं?" एलियाभाऊ पुटपुटले.

"जोसेफ वाईट निघाला म्हनून तुमी सुधरनार असाल तर त्यात काय अर्थ? उद्या दुसरा कोन तरी चांगला उभा राहील, आन् तुमी पुन्हा शास्त्र काढून टेबलावर ठिवाल. जोसेफ जिंकला असता आन् सोन्यासारखा वागला असता, तरी तो भोपळा पायरीशी ठिवनं पापच हुतं!"

एलियाभाऊ फेऱ्या थांबवून बाजेवर बसले. महिनाभर दुसऱ्यांच्या चुका मोजत बसलेल्या माणसाला स्वतःची चूक अशी कुणी हातात दिली की ती कुठं ठेवावी ते कळत नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं. ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्या मंडळीनं एकत्र भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा दिवस. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी ते मिटवून मगच मेजाशी यायचं, ही वस्तीतली जुनी शिस्त. एलियाभाऊंनी ती कित्येकांना सुनावली होती. छबूबाईशिवाय मेज मांडलं गेलं तर ती कायमची तुटेल, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी गेले. छबूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, चहाचं विचारलं नाही. एलियाभाऊ चुकलं म्हणाले. ती पालेभाजी निवडत राहिली.

"एलियाभाऊ, भोपळा मी तुमाला दिला न्हवता," ती म्हणाली. "मग माफी मला कशाला? आन् मागायचीच आसंल तर हितं चुलीपाशी नको. गप बसलात मंडळीम्होरं, बोला बी मंडळीम्होरंच."

"लोक काय म्हनतील?"

"माझं काय म्हनले त्याचा इचार केला हुता का?"

एलियाभाऊ जायला उठले. रविवारी येणार का, एवढं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बघते.

रविवारी ती आली. अगदी मागं, दाराच्या उंबऱ्याशी बसली, निघून जायची वेळ आली तर बरं म्हणून. फिलोमिना उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मेजावर भाकर आणि प्याले पांढऱ्या कापडाखाली झाकलेले होते. मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा एलियाभाऊ उभे राहिले, पण डोळे मिटले नाहीत. त्यांनी वाकून भोपळा उचलला.

बोलणं त्यांना रोजचं, पण त्या दिवशी शब्द ठेचकाळत आले. शास्त्रावर हात ठेवायला मी लावलं, ते माझं पाप. आपल्या मताला मी प्रभूची इच्छा म्हटलं, ते माझं पाप. या वस्तूला बोली मी बोलायची होती, ती मुद्दाम गिळली. छबूबाई, तुमच्यापुढं आणि देवापुढं मी दोषी आहे. मग त्यांनी भोपळ्यावर पहिली बोली बोलली आणि पुढची बोली मागितली.

पुन्हा शांतता. तीच, लिलावाच्या दिवशीचीच! एलियाभाऊंना वाटलं होतं, आपण चुकलो म्हटलं की लोक धावत येतील. पण मंडळीला त्यांनी जे शिकवलं होतं ते मंडळी चांगलं शिकली होती. समोर तेच चेहरे, खाली घातलेले. त्यांच्या मनात संताप उसळला, आणि पहिल्यांदाच तो संताप दुसऱ्या कुणावर नव्हता.

मग मधल्या चटईवरून सुनील उठला. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणारा दणकट गडी, शपथेच्या बुधवारी सगळ्यात आधी हात ठेवणारा. त्यानं मोठ्या आवाजात बोली चढवली आणि तो खाली बसेना.

"एक सांगतो," तो म्हणाला. "मी शास्त्रावर हात ठिवला, आन् मत गोरक्षनाथालाच दिलं. माझं काम हुतं त्येच्याकडं. त्या दिवशी भोपळ्याला बोली लावली असती तर मी बी त्यातलाच हे तुमी वळखलं असतं, म्हनून गप बसलो. छबूबाई खरं बोलली, तिला वाळीत टाकलं. मी देवाच्या पुस्तकावर खोटं बोललो, मला तुमी पंचात घ्यायला निघाला हुता."

चर्चमध्ये कुजबूज झाली. मग एक बाई रडू लागली, म्हणाली माझ्याही घरातून तसंच झालं. आणखी एक माणूस नुसता उभा राहिला. एलियाभाऊ भोपळा छातीशी धरून बघत राहिले. असे किती जण ते मोजता आलं नसतं आणि मोजायचंही नव्हतं. शपथेनं त्यांना मतं मिळाली नव्हती. शपथेनं त्यांच्या मंडळीत खोटं बोलणारी माणसं मात्र तयार केली होती, आणि त्या खोट्याला त्यांनी एकी म्हटलं होतं.

त्यानंतर बोली चढत गेली. कितीवर गेली ते विचारू नका, ते महत्त्वाचं नाही. दोघंतिघं मात्र उठून बाहेर गेले, आणि त्यांच्यापैकी एक आजही एलियाभाऊंशी बोलत नाही. भोपळा चर्चमागच्या चुलीवर सगळ्यांच्या जेवणासाठी शिजला.

पण त्याआधी प्रभुभोजन झालं. पंच या नात्यानं भाकरीची थाळी घेऊन रांगेरांगेतून फिरायचं काम एलियाभाऊंचं. शेवटी ते उंबऱ्यापाशी आले. छबूबाईनं हात लगेच पुढं केला नाही. तिनं वर पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पुढच्या निवडनुकीला काय करनार?"

"मत मागीन," एलियाभाऊ म्हणाले. "शपथ न्हाई मागनार. आन् तुमी कुनाला दिलं त्ये इचारनार न्हाई."

 तिनं भाकरीचा तुकडा उचलला आणि डोळे मिटले.

वाचकहो, मत द्या, ते तुमचं कर्तव्य आहे. गटारासाठी भांडा, रस्त्यासाठी भांडा, आपल्या माणसासाठी घसा कोरडा पडेपर्यंत प्रचार करा. पण तुमचं देऊळ असो, मशीद असो की चर्च, तिथं येणाऱ्याला त्याच्या मतावरून जोखू लागलात, तर त्या दिवसापासून तुम्ही देवाची नव्हे, उमेदवाराची पूजा करताय असं समजा. उमेदवार आज या गटात आहे, उद्या त्या गटात जाईल. शेजारी बसणारं माणूस मात्र एकदा उठून गेलं की त्याला परत बोलवायला आपल्यालाच त्याच्या दारात जावं लागतं.